सराव परीक्षा : पेरणीआधीची पारख



वसंत व्याख्यानमालेत परीक्षेसारखा रुक्ष विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. संतवाङ्मय, इतिहास, शेती, देशाटन या विषयांवर ऐकावयास मंडळी हौसेने जमतात. परीक्षेचे नाव निघताच मुले मागल्या बाजूने हळूच उठून जातात. परंतु या विषयाचे आणि व्याख्यानमालेचे नाते तसे जुनेच आहे. पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. हेच रानडे १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या मॅट्रिक परीक्षेस बसून उत्तीर्ण झालेल्या मूठभर विद्यार्थ्यांपैकी एक होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही त्याच परीक्षेतले. मॅट्रिक याचा मूळ अर्थ पटावर नाव चढणे. म्हणजे आजच्या भाषेत ती प्रवेश परीक्षाच होती. पुढे १८७९ साली रानड्यांची धुळ्यास बदली झाली, तेव्हा आपला हा नंदुरबारचा मुलूख धुळे हे ठाणे असलेल्या खानदेश जिल्ह्यातच मोडत होता.

१८५९ साली परीक्षेस बसलेल्या त्या मुलांपुढे आदल्या वर्षाची प्रश्नपत्रिका नव्हती. कारण परीक्षाच पहिली होती. आज आपल्या मुलांपुढे जुन्या प्रश्नपत्रिकांचे ढीग आहेत, सराव परीक्षांची पुस्तके आहेत, मोबाईलवर फुकट परीक्षा आहेत. आणि तरीही सराव परीक्षा म्हणजे काय, ती कशी द्यावयाची आणि दिल्यावर तिचे काय करावयाचे, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही. तेवढेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. मी बरीच वर्षे अकरावी-बारावीस पदार्थविज्ञान शिकवीत आलो. एका वर्षी आम्ही दर रविवारी सराव परीक्षा घेऊ लागलो आणि सोमवारी गुणांची यादी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, भिंतीवर लावू लागलो. चढाओढीने मुले अभ्यास करतील, अशी आमची समजूत. डोंगरातल्या एका पाड्यावरचा, घरातला पहिलाच बारावीपर्यंत पोचलेला एक मुलगा त्या यादीत सहा आठवडे शेवटच्या पाचांत राहिला. सातव्या रविवारी तो आला नाही. आठव्यालाही नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, तो घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत निघून गेला. मागाहून मी त्याच्या उत्तरपत्रिका काढून पाहिल्या. पहिल्या परीक्षेत शंभरातले चाळीस प्रश्न त्याने कोरे सोडले होते. सहाव्या परीक्षेत बारा. त्याचा वेग वाढत होता, चुका निराळ्या जागी सरकत होत्या, मुलगा शिकत होता. ते ना त्याला दिसले, ना मला. कारण आम्ही दोघेही भिंतीवरचा एकच आकडा वाचीत होतो. सराव परीक्षेचा आकडा हा निकाल आहे असे त्याने मानले, आणि तसे मानावयास मीच त्याला शिकविले होते.

सराव परीक्षा म्हणजे उगवण पाहणे

आपण शेतकरी मंडळी आहात, तेव्हा एक घरचाच दाखला देतो. सोयाबीनचे घरचे बी पेरावयाचे असले म्हणजे शहाणा शेतकरी आधी उगवण पाहतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून शंभर दाणे घेतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडीत राहतो आणि आठवडाभराने किती उगवले ते मोजतो. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर शिफारशीप्रमाणे पेरा. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा. फारच कमी उगवले तर बी बदला.

यात तीन गोष्टी ध्यानी घ्या. एक, शेतकरी टपोरे दाणे निवडून घेत नाही. तसे केले तर तो स्वतःलाच फसवील. दोन, तो ही पारख पेरणीच्या आधी करतो. पेरून झाल्यावर उपयोग नाही. तीन, पंचावन्नच दाणे उगवले म्हणून कोणी शेती सोडून मुंबईस जात नाही. आकड्यावरून तो पुढची कृती ठरवितो. सराव परीक्षा हीदेखील अशीच पारख आहे. सोपे धडे निवडून दिलेली परीक्षा खोटी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिलेली पहिलीच परीक्षा उशिराची. आणि कमी गुण पडले म्हणून विज्ञान शाखा सोडणे म्हणजे गोणपाट पाहून शेत विकणे होय.

शिवाय सराव परीक्षा बियाणे नुसते तपासत नाही, सुधारतेही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. परंतु आठवड्याने तपासले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांस सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांस सुमारे ५६ टक्के मजकूर आठवत होता. तात्पर्य, पुस्तक मिटून आठवावयाचा प्रयत्न करणे हाच अभ्यासाचा एक चांगला प्रकार आहे. सारखे वाचीत बसल्याने येते असे वाटते. आठवू गेल्यावर खरोखर येते की नाही ते कळते.

बोर्डाची परीक्षा आणि प्रवेश परीक्षा

दहावी-बारावीच्या परीक्षेत मुख्यतः विचारतात : तुला काय ठाऊक आहे ते लिहून दाखव. प्रवेश परीक्षेत विचारतात : या चारांतले बरोबर कोणते ते एका मिनिटात दाखव. पर्याय देऊन प्रश्न विचारण्याची ही रीत अमेरिकेत कॅन्सस येथे फ्रेडरिक केली या गृहस्थाने १९१४-१५ च्या सुमारास प्रचारात आणली. १९२६ साली तिकडे महाविद्यालयीन प्रवेशासाठी तशी पहिली मोठी परीक्षा झाली आणि पुढे ती रीत जगभर पसरली. हजारो-लाखो उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासता येतात हा तिचा गुण. पण ज्या मुलाने बारा वर्षे उत्तरे लिहिण्याचाच सराव केला, त्याला ती परकी वाटते, यात नवल नाही.

आपल्या मुलांपुढे मुख्यतः तीन परीक्षा असतात. राज्याची एमएचटी-सीईटी ही अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी यांसाठी. नीट ही वैद्यकीय शाखेसाठी. आणि जेईई मेन ही एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांसाठी व आयआयटीच्या पुढील परीक्षेची पहिली पायरी म्हणून. २०२५ सालचा आराखडा घेऊन त्यांचा वेळेचा हिशेब करू. सीईटीत पदार्थविज्ञान आणि रसायन मिळून शंभर प्रश्नांस ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नास ५४ सेकंद. गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटे. म्हणजे प्रश्नास १०८ सेकंद. जीवशास्त्राचे शंभर प्रश्न, ९० मिनिटे. नीटमध्ये १८० प्रश्नांस १८० मिनिटे, म्हणजे बरोबर मिनिटाला एक. त्यांत जीवशास्त्राचे ९० आणि पदार्थविज्ञान व रसायनाचे ४५-४५. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांस १८० मिनिटे, म्हणजे प्रश्नास सुमारे अडीच मिनिटे. पण प्रश्न त्या मानाने कठीण. हे आराखडे अधूनमधून बदलतात. म्हणून ज्या वर्षी परीक्षा द्यावयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

या हिशेबावरून एक गोष्ट उघड होते. सर्व प्रश्न क्रमाने सोडवीत जाणारा मुलगा एखाद्या कठीण प्रश्नाशी पाच मिनिटे झुंजतो, आणि शेवटच्या दहा सोप्या प्रश्नांपर्यंत पोचतच नाही. म्हणून पहिल्या फेरीत जे लगेच येते ते सोडवावे, दुसऱ्या फेरीत जे विचाराने येईल ते, आणि उरलेले शेवटी. मिरचीच्या शेतात आपण तोडा करतो तो असाच. लाल झालेली आधी तोडतो, हिरवीसाठी पुन्हा फिरतो. ही सवय मुख्य परीक्षेच्या दिवशी आपोआप येत नाही. ती सराव परीक्षेतच लावून घ्यावी लागते.

चुकीचे पर्याय कसे बनतात

आता एक गुपित सांगतो. प्रश्न काढणारा चुकीचे तीन पर्याय मनास येतील तसे देत नाही. विद्यार्थी जिथे चुकतात तिथून ते घेतो. एक उदाहरण पाहा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकसारखा ब्रेक लागून ५ सेकंदांत थांबते; तर तेवढ्यात ती किती मीटर जाईल? ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सरासरी वेग ५ मीटर, वेळ ५ सेकंद, म्हणून उत्तर २५ मीटर. पण जो घाईत एकक बदलावयास विसरतो तो ३६ ची निम्मी १८, गुणिले ५, म्हणून ९० काढतो. जो सरासरी घ्यावयास विसरतो तो ५० काढतो. दोन्ही चुका करणारा १८० काढतो. आणि पर्यायांत २५, ५०, ९०, १८० हे चारही असतात! आपले उत्तर पर्यायांत दिसले म्हणजे ते बरोबर, असे मुलाला वाटते. तिथेच तो फसतो.

तसेच 'पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे' या प्रश्नात 'चूक' हा शब्द नजरेतून सुटतो, आणि पहिलेच बरोबर विधान दिसताच मुलगा गोल काळा करून मोकळा होतो. अशा चुका अज्ञानाच्या नव्हेत. त्यांवर पाठांतराचे औषध चालत नाही. एकके आधी बदलणे, 'चूक', 'नाही', 'वगळता' या शब्दांखाली रेघ मारणे, असे साधे नेमच त्यांवर उपाय आहेत.

अंदाजाचा हिशेब

न येणाऱ्या प्रश्नाचे काय करावयाचे? सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे फुकटचे टाकून देणे होय; शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सर्वांस काही ना काही उत्तर द्यावे. नीटमध्ये बरोबरला ४ गुण आणि चुकीला १ वजा. चारही पर्यायांतले काहीच कळत नसेल तर अशा चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर येईल : मिळाले ४, गेले ३, हाती उरला १. म्हणजे आंधळ्या अंदाजात लाभ जवळजवळ नाहीच, आणि वाईट दिवशी तोटा व्हावयाचा. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत असे ओळखता आले तर अशा दोन प्रश्नांत सरासरी एक बरोबर, एक चूक : मिळाले ४, गेला १, हाती ३. म्हणून न येणाऱ्या प्रश्नातही आधी चुकीचे पर्याय खोडावयास शिकावे.

परंतु सरावाच्या वेळी एक पथ्य पाळलेच पाहिजे. अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे कच्च्या कागदावर एक खूण करावी. असे उत्तर बरोबर आले तर गुण मिळतो, पण ती झाकलेली चूकच असते. पुढल्या वेळी दैव साथ देईलच असे नाही.

टक्के आणि पर्सेंटाईल

येथे बहुतेक घरांत गोंधळ होतो. सीईटीचा निकाल टक्क्यांत लागत नाही, पर्सेंटाईलमध्ये लागतो. शंभर मुले गुणांच्या क्रमाने ओळीत उभी केली, आणि तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असणारे त्यांत नव्वद निघाले, तर तुमचा पर्सेंटाईल नव्वद. त्यासाठी तुम्हाला नव्वद टक्के गुण पडावे लागतात असे मुळीच नाही. प्रश्नपत्रिका कठीण असेल तर निम्म्याच्या आसपास गुणांवरही तो मिळू शकेल. सीईटी अनेक दिवस, निरनिराळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. कोणाची सोपी, कोणाची कठीण. म्हणून त्या-त्या सत्रातल्या मुलांत तुमची जागा कोणती, ते पाहण्याची ही युक्ती आहे.

यावरून आणखी एक उमगते. एखाद्या शिकवणीच्या सराव परीक्षेत 'तुझा पर्सेंटाईल साठ' असे सांगतात, तेव्हा तो त्या परीक्षेस बसलेल्या मुलांतला असतो. लातूरच्या निवडक मुलांत साठ आणि सर्व राज्यात साठ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नीटमध्ये पात्रतेची रेषाही पर्सेंटाईलवरच ठरते. साधारणपणे खुल्या वर्गास ५०, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांस ४०. पण पात्र होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. जागा गुणानुक्रमानेच मिळते. हा भेद ठाऊक नसल्याने निकालाच्या दिवशी पेढे वाटून महिन्याने रडणारी घरे मी पाहिली आहेत.

परीक्षा कशी द्यावी

सराव परीक्षा खऱ्या परीक्षेसारखीच द्यावी. पूर्ण प्रश्नपत्रिका, एका बैठकीत, घड्याळ समोर, मोबाईल दुसऱ्याच्या हाती. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता सुरू झाली. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ नंदुरबारात कशी असते, ते मी आपणांस सांगावयास नको. पहाटे गार वाऱ्यात उत्तम सोडविणारा मुलगा त्या वेळी पेंगतो. म्हणून शेवटच्या काही सराव परीक्षा दुपारी दोनलाच द्याव्यात.

नीटची ओएमआर उत्तरपत्रिका असेल तर गोल शाईने भरण्याचाही सराव हवा. एक प्रश्न सोडला आणि त्याचा गोल सोडावयाचा राहिला, तर पुढची सगळी उत्तरे एकेक घर वर सरकतात. सीईटी आणि जेईई मेन संगणकावर होतात. ज्या मुलाने माऊस कधी हाती धरला नाही, त्याने शाळेच्या संगणकावर तास-दोन तास बसून सीईटी कक्षाने दिलेली नमुना परीक्षा सोडवावी. सोडविलेला, सोडलेला आणि पुन्हा पाहण्यासाठी ठेवलेला प्रश्न निरनिराळ्या रंगांत कसा दिसतो, एवढे जरी आधी पाहिले तरी त्या दिवशीची निम्मी धडधड कमी होते.

भाषेचेही तसेच. आपल्याकडे घरी पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि अकरावीत एकदम इंग्रजी, अशी तीन वळणे मुलाला घ्यावी लागतात. नीट आणि जेईई मेन मराठीतही देता येतात. सीईटीत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र मराठीत घेता येतात. गणित मात्र इंग्रजीतच. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. म्हणून जी निवडावयाची त्याच भाषेत सराव करावा, आणि 'प्रवेग' म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, 'संवेग' म्हणजे मोमेंटम, अशी शब्दांची एक वही करावी. नीटमध्ये भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात, हेही लक्षात असू द्यावे.

परीक्षेनंतरचा तास

आता माझ्या बोलण्याचा गाभा. सराव परीक्षेचा खरा लाभ परीक्षेच्या तीन तासांत नसतो. तो नंतरच्या दोन तासांत असतो. गुण मोजून वही मिटणारा मुलगा उगवलेले दाणे मोजून गोणपाट फेकून देणाऱ्या शेतकऱ्यासारखा आहे. गुण मोजल्यावर प्रत्येक प्रश्न पुढील पाचांपैकी एका घरात घालावा : ठाऊकच नव्हते, ठाऊक होते पण आठवले नाही, घाईने चुकले, वेळेअभावी राहिले, आणि अंदाजाने बरोबर आले.

समजा, शंभर प्रश्नांत ४६ बरोबर, ३४ चूक आणि २० कोरे. भिंतीवर लागेल तो आकडा ४६. आता वही उघडा. ३४ चुकांपैकी १२ प्रश्नांचा धडाच झालेला नव्हता, ९ विसरलेले होते, १३ घाईचे. कोऱ्या २० पैकी ११ प्रश्न घरी शांतपणे सहज सुटले. म्हणजे १३ आणि ११ मिळून २४ गुण असे आहेत की, ज्यांसाठी एकही नवे पान वाचावयाचे नाही. फक्त सवय बदलावयाची. हा मुलगा ४६ चा नाही, सत्तरच्या वाटेवरचा आहे. मात्र ४६ पैकी ८ अंदाजाचे निघाले, तर तेही प्रामाणिकपणे नोंदवावेत; पाया तेवढा कच्चा आहे.

प्रत्येक घराचे औषध निराळे. ठाऊक नसलेले शिकावे. विसरलेले दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवून पाहावे. घाईच्या चुकांसाठी नेम करावेत. वेळेसाठी फेऱ्यांची सवय लावावी. आणि चुकलेले सर्व प्रश्न पुढल्या रविवारी, उत्तर न पाहता, पुन्हा सोडवावेत. उत्तर वाचून 'हां, कळले' म्हणणे आणि स्वतः सोडविणे यांत फार अंतर आहे.

किती परीक्षा द्याव्यात? अकरावीत धडा संपला की त्या धड्याची छोटी परीक्षा पुरे. सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. नीटला दोन्ही वर्षे सारखीच महत्त्वाची. बारावीचा अभ्यासक्रम संपला की पंधरवड्यास एक पूर्ण परीक्षा, आणि बोर्डाची परीक्षा झाल्यावर आठवड्यास दोन. त्याहून अधिक देऊ नयेत. चुका तपासावयास वेळ उरत नाही. बोर्डाकडेही दुर्लक्ष नको. वैद्यकीय प्रवेशाला बारावीत त्या विषयांत खुल्या वर्गास ५० टक्के, राखीव वर्गास ४० टक्के लागतात. अभियांत्रिकीस साधारण ४५ आणि ४०. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे होळी असते, मोह वेचावयाचा असतो, लग्नसराई असते. सण सोडा असे मी म्हणणार नाही. पण रविवारचे तीन तास घरच्यांनी राखून ठेवावेत, एवढी विनंती करीन.

वडीलधाऱ्या मंडळींसाठी

पालकांनी मुलाला 'किती पडले?' असे विचारू नये. 'मागल्या वेळची कोणती चूक या वेळी झाली नाही?' असे विचारावे. अक्षरशत्रू आईसुद्धा हा प्रश्न विचारू शकते. शिक्षकांनी यादी भिंतीवर लावू नये. प्रत्येकाची वही प्रत्येकाला एकट्याला दाखवावी. आणि राखीव जागेसाठी लागणारे जात वैधता प्रमाणपत्र बारावीचे वर्ष सुरू होताच मार्गी लावावे. परीक्षेत मिळविलेली जागा एका कागदापायी हातची जाऊ नये. परीक्षेच्या आधी 'खरी प्रश्नपत्रिका' विकावयास येणाऱ्यांस दारात उभे करू नका. २०२४ च्या नीटमध्ये पेपरफुटीचा प्रकार घडला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि लाखो निरपराध मुले महिनोन्‌महिने टांगणीला लागली.

सरावाला पैसा लागतो हीही समजूत खरी नव्हे. 'नॅशनल टेस्ट अभ्यास' हे ॲप २०२० साली सरकारी यंत्रणेनेच काढले. शिक्षण मंत्रालय आणि कानपूरची आयआयटी यांनी २०२३ साली काढलेले 'साथी' हेही मोफत. जुन्या प्रश्नपत्रिकेची एक छापील प्रत असेल, आणि उत्तरे निराळ्या कागदावर लिहिली, तर ती वीस मुलांस पुरते.

हे सर्व कशासाठी, असे विचाराल तर आपल्याच भागातले उदाहरण देतो. साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले डॉ. राजेंद्र भारुड अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकले, मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, २०१३ च्या तुकडीतून भारतीय प्रशासन सेवेत आले आणि नंदुरबारचेच जिल्हाधिकारी झाले. त्या वाटेवर दर वळणाला एक प्रवेश परीक्षा उभी होती. आणि २०२० साली तर वैद्यकीय महाविद्यालय खुद्द नंदुरबारातच सुरू झाले. १९९८ साली स्वतंत्र झालेल्या, दोन-तृतीयांशांहून अधिक आदिवासी वस्तीच्या या जिल्ह्यात, आपल्या आजाऱ्याची बोली समजणारे डॉक्टर त्यातून निघावेत असे वाटत असेल, तर त्या बाकांवर आपली मुले बसली पाहिजेत.

म्हणून कोरीटकरांपुढे शेवटी एकच सूचना मांडतो. गावात एक खोली, एक भिंतीवरचे घड्याळ, दहा-बारा सतरंज्या आणि बारावी झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी देखरेखीला, एवढे दर रविवारी तीन तास मिळाले तरी पुष्कळ. प्रश्नपत्रिका मी आणून देईन. गुणांची यादी मात्र कोठेही लागणार नाही. आणि सातव्या रविवारी जो मुलगा आला नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी कोणीतरी जाऊन यावे. मी त्या वर्षी गेलो नव्हतो.